पैलवानाचा कान आणि हेल्मेटची जाळी

तुम्ही दोन चित्रांचे फोटो पाठवलेत. एक सचिनचं, हेल्मेट घातलेलं. दुसरं खाशाबा जाधवांचं, जुन्या कृष्णधवल फोटोवरून केलेलं आणि गावच्या तालमीत लावायचं ठरलेलं. सोबत तीन प्रश्न आहेत. ग्राफ, म्हणजे फोटोवर आणि कागदावर चौकोनांच्या रेघा, पाडून, मापं घेऊन काढलं तरी चेहरा ‘लागत’ नाही. घरचे म्हणतात डोळे-नाक बरोबर आहेत, पण हा तो माणूस वाटत नाही. दुसरं, चित्र सपाट दिसतं, पासपोर्टच्या फोटोसारखं. तिसरं, गडदपणा यावा म्हणून पेन्सिलच्या कामावर चारकोल फिरवला की सगळं मळकट करडं होऊन बसतं.

मी कोल्हापुरात राहतो. तीस वर्षं व्यक्तिचित्रं काढतोय आणि शिकवतोय, त्यातली निम्मी तरी खेळाडूंची असतील. तुमचे तीन प्रश्न वेगळे दिसले तरी माझ्या मते त्यांचं मूळ एक आहे. तुमचं सगळं लक्ष डोळे, नाक, ओठ यांच्यावर आहे. खेळाडू मात्र त्यांच्या आजूबाजूला असतो. खेळानं त्याच्या मानेचं, कानाचं, जबड्याचं, कातडीचं आणि नजरेचं वर्षानुवर्षं जे काही केलेलं असतं, त्यावरून आपण त्याला ओळखतो.

हे मला कुठे कळलं ते सांगतो. पंचवीसेक वर्षांपूर्वी मी पहाटे गंगावेस तालमीत स्केचिंगला जायचो. हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला बसायचं आणि मेहनत चालू असताना हात चालवायचा. एका पैलवानाचं डोकं मी तीन सकाळी खपून मोठ्या कागदावर काढलं आणि वस्तादांना दाखवलं. त्यांनी कागद हातभर लांब धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “तोंड त्याचंच हाय. पर कान पैलवानाचा न्हाई.”

मी वाकून बघितलं. मी माझ्या पाठातला कान काढला होता: वर गोलसर कड, आत वळणाची घडी, खाली लोंबती पाळी. त्याच्या कानात यातलं काहीच उरलं नव्हतं. कुस्तीत कान सतत घासला जातो, दाबला जातो. मग आतल्या कूर्चेपासून कातडी सुटते, मधे रक्त साकळतं, आणि ते वेळीच काढलं नाही तर तिथे कडक गाठ धरते. असं पुन्हा पुन्हा झालं की कानातल्या घड्या बुजून जातात. मी त्या दिवशी वीस मिनिटं नुसता कान बघत बसलो. वरची कड एका जागी तुटल्यासारखी होती. आतला खळगा जवळजवळ भरलेला, भोकाच्या जागी फक्त एक काळी फट. गाठीवरची कातडी ताणलेली, त्यामुळे तिथे मोहरीएवढा उजळ ठिपका चमकत होता आणि त्याच्या लगेच खाली गडद सावली. मी कान खोडून पुन्हा काढला. चेहऱ्याच्या एका रेषेलाही हात लावला नाही, तरी चित्र बदललं. त्या माणसाची दहा वर्षांची मेहनत त्या दीड इंचात होती.

आता तुमच्या खाशाबांकडे वळतो. त्यात तुमची चूक याच्या बरोबर उलट झालीय. तुम्ही ‘पैलवान’ काढलात: रुंद खांदे, जबड्याबाहेर गेलेली मान, भारदस्त छाती. पण खाशाबा 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात खेळले, म्हणजे 57 किलोच्या आत. त्याआधी 1948 साली लंडनला ते त्याहून हलक्या फ्लायवेटमध्ये होते आणि सहावे आले होते. हा अवाढव्य शरीराचा मल्ल नव्हे. चपळ, आटोपशीर, पिळदार माणूस. ‘पॉकेट डायनॅमो’ हे नाव उगाच पडलं नाही. तेव्हा खांदे दोन्ही बाजूंनी आत घ्या आणि मानेची जाडी कमी करा. डोकं खांद्यांच्या मानाने किंचित मोठं दिसायला हवं, कारण लहान चणीच्या माणसात ते तसंच दिसतं. तुमच्या डोळ्या-नाकाला मी हात लावायला सांगत नाही. ते तुम्ही चांगलं काढलंय. चुकीच्या अंगावर बसवलंय, एवढंच.

चित्र तालमीत लावायचं आहे म्हणून आणखी एक सांगावंसं वाटतं. गोळेश्वरच्या या माणसाला हेलसिंकीला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली, राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. तिथे मिळवलेलं कांस्य हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे माहीत असलेला माणूस त्या चेहऱ्यावर विजयाचा माज काढणार नाही. तुम्ही ओठांचे कोपरे वर उचललेत. मूळ फोटोत ते तसे आहेत का, हे पुन्हा बघा. हसू आपल्या मनातलं असतं आणि नकळत कागदावर उतरतं, हे माझ्याही हातून अनेकदा झालंय.

प्रत्येक खेळ शरीरावर वेगळं काम करतो, आणि चित्र काढायला बसण्याआधी ते शोधणं हा माझ्यासाठी सगळ्यांत आनंदाचा भाग असतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे घ्या, 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीचं, रौप्यपदक मिळवणारा. लांब पल्ल्याच्या धावपटूच्या चेहऱ्यावर चरबी जवळपास नसते. गालाच्या हाडाखाली खळगा, जबड्याची कड स्पष्ट, मानेत कानामागून गळ्याच्या खळीकडे उतरणारा स्नायू दोरीसारखा. यात धोका असा की गालाचा खळगा अर्धी छटा जरी जास्त गडद झाला तरी माणूस आजारी दिसतो. तिथे चारकोल लावूच नका, 2बीच्या पुढे, म्हणजे त्याहून मऊ आणि गडद पेन्सिलकडे, जाऊ नका. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्य घेऊन आला. त्याचं चित्र नेम धरताना काढायचं तर गाल रायफलला टेकलेला असतो. त्यामुळे एका बाजूचा गाल वर सरकतो, त्या डोळ्याखाली घडी येते, ओठांची रेषाही तिकडे किंचित ओढली जाते. दोन्ही बाजू सारख्या काढल्या की नेमबाज गेला आणि बंदुकीशेजारी उभा असलेला कुणी तरी उरला.

ज्या हेलसिंकीत खाशाबांनी पदक मिळवलं, तिथेच चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकनं 5000 मीटर, 10000 मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णं घेतली. धावताना त्याचा चेहरा वेदनेनं पिळवटलेला असायचा, डोकं एका बाजूला कललेलं, तोंड उघडं. त्याचे फोटो जरूर बघा. तो चेहरा ‘नीट’ करून काढला तर झाटोपेक राहतच नाही. आवडत्या माणसाला देखणं करण्याची ओढ आपल्या सगळ्यांना असते, आणि खेळाडूच्या चित्रात तीच आड येते.

आता चेहरा न लागण्याचं दुसरं, तांत्रिक कारण. ते तुमच्या सचिनमध्ये मला स्पष्ट दिसतंय. तुम्ही लिहिलंय की डोळे एका फोटोवरून घेतले आणि हेल्मेट, जबडा दुसऱ्यावरून. सामन्यातले फोटो सीमारेषेबाहेरून लांब लेन्सनं काढलेले असतात. इतक्या लांबून टिपलेला चेहरा चपटा होतो, कान रुंद दिसतात, नाक गालांच्या जवळ बसतं. जवळून, फोनवर काढलेल्या फोटोत नाक पुढे येतं आणि कान मागे दडतात. दोन्हींत माणूस तोच असतो, पण दोन फोटोंतली मापं एका चेहऱ्यात बसत नाहीत. ग्राफ कितीही काटेकोर पाडा, जुळणार नाही. मुख्य फोटो एकच ठेवा. बाकीचे पाच-सहा फोटो समजून घेण्यासाठी बाजूला असू द्या, त्यांवरून मोजू नका. आणि ते सगळे एकाच काळातले हवेत. नोव्हेंबर 1989 मध्ये कराचीत पहिली कसोटी खेळणारा सोळा वर्षांचा गोबऱ्या गालांचा सचिन आणि 2011 च्या विश्वचषकानंतर वानखेडेवर खांद्यावरून फिरवलेला सचिन यांत एकवीस वर्षांहून जास्त अंतर आहे. तुमच्या चित्रात गाल पहिल्याचे आणि डोळ्यांखालच्या रेषा दुसऱ्याच्या झाल्यात.

फोटो उलटा तर झालेला नाही ना, हेही एकदा तपासा. उजव्या-डाव्याची अदलाबदल झालेले फोटो नेटवर पुष्कळ फिरतात. कपड्यांवरची अक्षरं बघा, भांगाची बाजू बघा. सांगलीच्या स्मृती मानधनाचं उजव्या हातानं खेळतानाचं सुंदर चित्र एका विद्यार्थिनीनं माझ्याकडे आणलं होतं. स्मृती फलंदाजी डाव्या हातानं करते. चित्र अतिशय मेहनतीचं होतं, आणि दुरुस्त करता येण्यासारखं नव्हतं.

खाशाबांचा फोटो तुम्ही कुठल्याशा ॲपमधून ‘स्वच्छ’ करून घेतलात असं लिहिलंय. कृपा करून तो बाजूला ठेवा. जुना फोटो धारदार करणारी ही ॲप्स जे दिसत नाही ते स्वतःच्या मनानं भरतात: पापण्यांचे केस, गुळगुळीत कातडी, डोळ्यांतली चमक. तो दुसराच माणूस होतो. मूळ धूसर फोटो घ्या, त्यात वर्तमानपत्री ठिपके असले तरी चालेल, आणि तो चार फूट लांब ठेवून डोळे किलकिले करून बघा. बारकावे नसले तरी उजेड-सावलीचा आकार त्यात शाबूत असतो. माणूस ओळखायला तो पुरतो. बसस्टँडवर ओळखीचा माणूस आपण शंभर फुटांवरून ओळखतो, तेव्हा त्याच्या पापण्या मोजलेल्या नसतात.

म्हणूनच ग्राफबद्दल माझं मत असं: पाडा, पण मोठा पाडा. तुमचे सेंटीमीटरचे चौकोन आहेत. त्यानं होतं काय, की प्रत्येक चौकोन वेगळं चित्र बनतो आणि आख्खं डोकं कुणी बघतच नाही. मी संपूर्ण डोक्याला जेमतेम सहा-आठ चौकोन घेतो, जागा ठरवण्यापुरते. त्यापुढे विणकामाची सुई हातात धरून मोजतो. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतचा तिरपेपणा किती? कानाचं वरचं टोक भुवईच्या रेषेत येतं की खाली? नाकाच्या टोकातून ओळंबा सोडला तर हनुवटी कुठे राहते? डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर येतात हा नियम तुम्हाला माहीतच असेल, पण खेळाडू समोर बघत सरळ क्वचितच उभा असतो. तो खाली बघत असला की डोळे मध्याच्या खाली सरकतात आणि कान वर चढल्यासारखे दिसतात. नियमापेक्षा सुईवर विश्वास ठेवा.

कागद मोठा घ्या. ए4 वर चारकोलचं टोकच डोळ्याच्या बाहुलीएवढं होतं, मग बारकाई कुठून येणार? ए3 किंवा त्याहून मोठा, डोकं सात-आठ इंच. कागदाला थोडा खरखरीतपणा हवा आणि वजन 150 जीएसएमच्या (चौरस मीटरला 150 ग्रॅमच्या) वर. गुळगुळीत कागदावर पेन्सिल छान चालते पण चारकोलची पूड धरत नाही. फार खडबडीत असेल तर कातडी वाळूसारखी दिसते.

आता मळकटपणाचा प्रश्न. ग्रॅफाइट आणि चारकोल दोन्ही काळे, पण स्वभावानं एकदम वेगळे. पेन्सिलमध्ये ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती भाजून एकत्र केलेली असते. ही रीत फ्रान्समध्ये निकोला-जाक काँते यानं 1795 च्या सुमारास बसवली. माती जास्त तर एचकडे (कडक, फिकट), कमी तर बीकडे (मऊ, गडद). ग्रॅफाइटचे कण चपटे, एकमेकांवर सरकणारे. दाबून घासले की ते कागदाची खरखर भरून टाकतात आणि आरशासारखे चमकतात. म्हणून 8बी कितीही दाबा, खिडकीकडे तोंड केलं की काळा भाग चंदेरी दिसतो. व्हॅन गॉग हेगला असताना पेन्सिलच्या चित्रांवर दूध-पाणी टाकून ही चमक मारायचा. चारकोल म्हणजे जळालेलं लाकूड. त्याचे कण वेडेवाकडे, चमक नाही, काळा अगदी खोल. पण त्याला बसायला कागदाची खरखर लागते.

तुम्ही आधी 6बीनं केस आणि सावल्या दाबून भरल्यात, वर चारकोल फिरवलात. खालची खरखर बुजलेली, त्यामुळे चारकोल धरला नाही, तरंगला आणि बोटानं चोळल्यावर उजळ गालावर गेला. क्रम उलटा करा. चारकोल आधी. विलो चारकोलची, म्हणजे विलोच्या जाळलेल्या काटकीची, कांडी आडवी धरून केस, हनुवटीखालची सावली, हेल्मेटच्या आतला काळोख, गळ्याची गडद बाजू असे मोठे आकार भरून घ्या. डोळे-नाक अजून काढायचेच नाहीत. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं हलकं टिपा, कागद उभा करून मागून टिचक्या मारा, सुटी पूड खाली पडू द्या. या टप्प्यावर चित्रात चार-पाच काळे डाग असतात, तरीही लांबून माणूस ओळखू येऊ लागला पाहिजे. येत नसेल तर पुढे जाऊ नका. इथे दुरुस्ती फडक्याच्या एका फटक्यानं होते, पेन्सिल लागल्यावर तासन् तास जातात.

त्यानंतर उजेडातली कातडी पेन्सिलनं. एच किंवा एचबीनं सुरुवात, 2बीपर्यंत, दाब हलका. अप्सरा, कॅमलिन काहीही चालेल, मात्र एका चित्रात एकाच कंपनीचे ग्रेड वापरा, कारण एकाचा 4बी दुसऱ्याच्या 2बीसारखा निघतो. दोन माध्यमं जिथे भेटतात ती पट्टी, म्हणजे गालावरून सावलीत जाण्याची जागा, स्टंपवर (छटा चोळायच्या कागदी गुंडाळीवर) लागलेल्या उरल्यासुरल्या चारकोलनं जोडा. तिथे पेन्सिल दाबायची नाही. शेवटचा कडक काळा, नाकपुडी, बाहुली, ओठांमधली रेषा, दाबीव चारकोलच्या पेन्सिलनं. तो सहज पुसत नाही म्हणून सगळ्यांत शेवटी. आणि बोट लावू नका. बोटाचं तेल कागदात उतरतं, मग तो डाग नीडेड रबरानंही (कणकेसारखं मळता येणारं मऊ रबर) उठत नाही.

सपाटपणाचं कारण छटांची भीती हे आहे, आणि याविषयी मला मनापासून बोलायचंय. आपल्याकडे विद्यार्थी सावली द्यायला घाबरतात कारण ‘चेहरा काळा होईल’. आपले बहुतेक खेळाडू उन्हात रापलेले, सावळे किंवा काळे. त्यांना गोरं करून काढण्याची खोड मला फार खटकते. तो अपमान तर आहेच, शिवाय चित्र म्हणूनही नुकसान. गडद कातडीवर उजेड जास्त सुंदर खेळतो: कपाळ, गालाचं हाड, नाकाचा दांडा, खालचा ओठ इथे स्वच्छ, कडेला धार असलेले उजळ भाग पडतात. गडद कातडी काढायची म्हणजे सगळीकडे एकसारखा काळा फासायचा नाही. कागदाचा पांढरा फक्त दोन-तीन जागी राखायचा, उरलेल्या चेहऱ्यावर मधली छटा आधीच हलकी अंथरायची आणि तिथून खाली उतरायचं. चित्राशेजारी कागदाच्या पट्टीवर पांढऱ्यापासून चारकोलच्या काळ्यापर्यंत नऊ घरं भरून ठेवा. तुमच्या सचिनची कातडी पहिल्या तीन घरांतच फिरतेय.

उजेड कुठला तेही बघा. दुपारच्या सामन्यात सूर्य डोक्यावर असतो, हेल्मेटच्या छज्जाची सावली डोळ्यांवर येते. प्रकाशझोतातल्या सामन्यात मनोऱ्यांवरून चारी बाजूंनी उजेड येतो, फलंदाजाच्या पायाशी चार सावल्या पडतात, आणि चेहऱ्याच्या दोन्ही कडा उजळून मधला भाग मंद राहतो. समोरून फ्लॅश मारलेला पोझचा फोटो मात्र टाळाच. त्यात सावलीच नसते, मग आपण ती कल्पनेनं टाकतो आणि ती खोटी दिसते.

घामाबद्दल. घामानं भिजलेली कातडी कोरडीपेक्षा जास्त टोकाची असते, गडद जास्त गडद, उजळ जास्त उजळ. एखादा थेंब काढायचाच तर त्याच्यातला क्रम नीट बघा: उजेडाच्या बाजूला बारीक चमक, तिच्यामागे थेंबाचा गडद भाग, आणि विरुद्ध कडेला पुन्हा उजळ, कारण उजेड पाण्यातून आरपार जाऊन तिथे गोळा होतो. खाली छोटी सावली. दोन-तीन थेंब पुरेत. तालमीतल्या पैलवानाचं उलट असतं. अंगावर लाल माती बसलेली असते आणि माती चमक खाऊन टाकते. तिथे उजळ ठिपके देऊ नका. चारकोल फडक्यानं पुसून आलेली मंद छटा मातीसाठी अगदी चपखल बसते, आणि जिथे घामाची धार माती धुऊन गेली तेवढीच रेघ रबरानं उचला.

आता हेल्मेटची जाळी, कारण सचिनच्या चित्रात तुम्ही सगळ्यांत जास्त तिथेच अडकलात. तुम्ही जाळीच्या दांड्या आधी काढल्या आणि मधल्या फटींत चेहरा भरला. त्यामुळे चेहऱ्याचे तुकडे झाले आणि जाळी तुरुंगाच्या गजांसारखी दिसते. आधी जाळी नाहीच असं समजून संपूर्ण चेहरा करा, ओठ आणि हनुवटीसकट, थोडा मंद. मग जाळीची पहिली खूण पेन्सिलनं नव्हे, रबरानं. नीडेड रबर चिमटीत दाबून पातळ धार करायची आणि दांडीच्या वरच्या कडेवरून एकदा ओढायची, की उजेड पडलेली धातूची कड निघते. तिच्या लगत खालून चारकोल पेन्सिलची बारीक रेघ, तो दांडीचा सावलीतला भाग. दांडीची जाडी या दोन रेघांच्या मधे आपोआप दिसते. सगळ्यात महत्त्वाचं पुढेच आहे. दांडीची सावली चेहऱ्यावर पडते आणि ती सरळ नसते. नाकावर चढते, गालावर वळते, ओठांच्या खोबणीत मोडते. ही वळणारी सावली हलक्या स्टंपनं टाकलीत की जाळी चेहऱ्यापुढे चार बोटं उभी राहिलेली दिसते. डोळे छज्जा आणि वरची दांडी यांच्या मधल्या फटीत असतात, म्हणजे सावलीत. तिथे डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतो, करडा असतो. तुम्ही तो कोरा सोडलात म्हणून सचिन दचकल्यासारखा दिसतो. तिथे एचबीची एक झाक द्या आणि नजर बघा: गोलंदाजाच्या हाताकडे लागलेली, पापण्या किंचित खाली. हेल्मेटवरचा तिरंगा काळ्या-पांढऱ्यात म्हणजे तीन छटा. केशरी मधली, हिरवा तिच्याहून गडद.

बारीकसारीक दोन गोष्टी. दातांमधल्या रेषा काढू नका, दातांची ओळ एकच पांढरट आकार म्हणून ठेवा आणि कोपऱ्यांकडे मंद करा. कुरळे केस एकेक काढू नका. काळा आकार भरा, रबरानं काही वळणं उचला, कडेला पाच-सहा सुटे केस द्या.

फोटोबद्दल एवढंच की तो छायाचित्रकाराचा असतो. सरावाला, घरात लावायला हरकत नाही. चित्र विकणार असाल किंवा छापणार असाल तर परवानगी घ्या. शक्य असेल तेव्हा स्वतः मैदानावर जाऊन बसा. गावच्या जत्रेतल्या कुस्त्या, शाळेचं कबड्डीचं मैदान, सकाळचा सराव. दोन मिनिटांची घाईची स्केचेस वाईट येतील, येऊ द्या. मान कशी वळते हे हाताला कळलं की मग फोटोही वेगळा दिसायला लागतो.

खाशाबांचं चित्र पूर्ण झालं की फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड कागदावर धरून ठेवणारा फवारा, फूटभर लांबून, तीन हलके थर, प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा. एकदम भिजवलं तर चारकोल गडद होऊन बारकावे बुडतात. केसांचा स्प्रे वापरू नका, कागद पिवळा पडतो. लॅमिनेशन तर अजिबात नको. फ्रेम करताना कडेनं माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) द्या, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. काचेऐवजी ॲक्रिलिक घेऊ नका. त्यावर स्थिर वीज तयार होते आणि ती पूड ओढून घेते. तालमीत माती उडते आणि पावसाळ्यात भिंती ओल धरतात, म्हणून फ्रेमची मागची बाजू कागदी टेपनं पूर्ण बंद करा आणि चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळेल. हौद्यासमोरच्या भिंतीवर लावा, जोर मारून मान वर केली की पोरांना दिसेल इतक्या उंचीवर. खांदे आत घेतल्यावरचा फोटो मला पाठवा, ओठांचे कोपरे आपण मिळून बघू.